सापाचं घर : काचेच्या पेटीची पावणेदोनशे वर्षं

आजचा भाग एका पेटीबद्दल आहे. काचेची पेटी, आत साप, बाहेर आपण. साधी वाटते ना? पण तिच्यातली प्रत्येक वस्तू कुणीतरी कधीतरी, बऱ्याचदा मोठी किंमत मोजून शोधलेली आहे.

मला मेसेजमध्ये एक प्रश्न वरचेवर येतो. "बॉल पायथन घ्यायचा विचार आहे, किती फुटांची टँक घेऊ?" कधी बॉल पायथनच्या जागी कॉर्न स्नेक असतो. प्रश्न मात्र तोच, किती फुटांची? आता आकडा सांगून मोकळं होता येईल, आणि आकडा मी शेवटी सांगणारच आहे. पण हा इतिहास ऐकलात तर तुमच्या लक्षात येईल की फुटांचा प्रश्न दुसरा आहे. पहिला वेगळाच आहे, आणि तो विचारायला माणसाला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो. नाग, धामण, घोणस, अजगर असे आपल्याकडचे साप पकडून घरात ठेवणं हा कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा आज पाळीव साप म्हणेन तिथे परदेशी जाती समजा. कायद्याकडे पुढे येऊच.

टोपली आणि मडकं

काचेच्या आधी सापाचं घर म्हणजे काय होतं? आपल्याकडे दोन उत्तरं आहेत. गारुड्याची टोपली आणि मातीचं मडकं.

टोपली सगळ्यांना माहिती आहे. वेताची, गोल, वर झाकण. झाकण उघडलं की नाग फणा काढून उभा. मडकं सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात दिसायचं. नागपंचमीच्या आधी गावकरी शेतातून नाग पकडून आणायचे आणि सणापर्यंत मडक्यात ठेवायचे.

आता गंमत बघा. अंधार आणि अडचण या दोन गोष्टी आपल्याला तुरुंगासारख्या वाटतात. सापाला त्या तशा वाटत नाहीत. साप बिळात, दगडाच्या फटीत, वारुळात अंग चोरून बसतो. चहूबाजूंनी काहीतरी अंगाला टेकलं की त्याला सुरक्षित वाटतं. म्हणजे टोपलीचा अंधार हा तिचा दोष नव्हताच. दोष बाकी सगळ्यात होता. पाणी नाही, ऊब नको असेल तर सरकायला जागा नाही, आणि त्यात दात काढलेले, कधी तोंड शिवलेलं. असा साप फार दिवस जगत नाही. तो मेला की दुसरा आणला जायचा.

हा अंधाराचा मुद्दा लक्षात ठेवा. कारण पुढे काच आली, आणि काचेने सापाकडून नेमकी हीच एक गोष्ट काढून घेतली.

लंडन, १८४९

काचेच्या पेटीमागे एक डॉक्टर आहेत, नथानिएल वॉर्ड. लंडनच्या पूर्व भागात राहायचे. नेच्याची झाडं लावायची हौस, पण गिरण्यांच्या आणि कोळशाच्या धुराने सगळी मरायची. १८२९ च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोष ओलसर मातीत ठेवून बाटली बंद केली. पतंगाचं पुढे काय झालं ते सोडा, पण त्या मातीत नेचा उगवला आणि जगला. बंद काचेत पाणी वाफ होऊन वर जातं, काचेवर जमतं, परत खाली येतं. यातून "वॉर्डची पेटी" निघाली. आज आपण ज्याला टेरॅरियम म्हणतो त्याची ही आजी. १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली, आणि काचपेट्या घराघरांत आल्या.

अशा काळात १८४९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी वेगळी इमारत उघडली. जगातलं हे पहिलं सार्वजनिक रेप्टाइल हाउस मानलं जातं. इमारत नवी नव्हती, आधी तिथे मांसाहारी प्राणी होते, तीच बदलून घेतलेली. समोर काचा लावलेल्या पेट्या, आत साप. लोकांनी जवळून साप बघायचा आणि साप बाहेर येता कामा नये, एवढंच त्या पेटीचं काम.

थंडीचं काय? तर पेटीत ब्लँकेट. हो, खरंच ब्लँकेट. साप त्याखाली शिरून बसायचा. आपल्याला थंडी वाजली की आपण पांघरूण घेतो, तसंच सापाला द्यायचं, असा साधा हिशोब. पण ब्लँकेट स्वतः उष्णता तयार करत नाही. ते आपल्या अंगातली ऊब धरून ठेवतं. सापाच्या अंगात धरून ठेवण्यासारखी ऊब मुळात नसते, त्याला ती बाहेरून घ्यावी लागते. आणि ब्लँकेटचा एक किस्सा तर तेव्हा फार गाजला. १८५० च्या सुमारास तिथल्या एका बोआने अख्खं ब्लँकेटच गिळलं, आणि काही आठवड्यांनी ओकून टाकलं. लोक हसले. पण त्या बोआकडून बघा. त्याच्या जगात एक काच, एक भक्ष्य आणि एक ब्लँकेट, बस्स.

किस्सा मजेशीर आहे, पण पुढचा नाही. एडवर्ड गर्लिंग हे तिथले सापांचे रखवालदार. ऑक्टोबर १८५२. आदल्या रात्री एक मित्र ऑस्ट्रेलियाला निघाला म्हणून पार्टी झाली. सकाळी गर्लिंग दारूच्या अमलाखालीच कामावर आले. सहकाऱ्यासमोर बढाई म्हणून त्यांनी पेटीतून एक विषारी साप बाहेर काढला. तो ठेवला आणि मग नाग काढला. नागाने त्यांच्या नाकावर, दोन डोळ्यांच्या मधोमध दंश केला. गाडीत घालून रुग्णालयात नेलं, पण ते वाचले नाहीत. सर्पदंशावरची लस म्हणजे प्रतिविष, ते यायला अजून चाळीसहून जास्त वर्षं होती.

तिथल्या चर्चेत दारूचा मुद्दा आला, आणि तो खराच होता. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती पेटी आतल्या सापाला सांभाळत नव्हती आणि बाहेरच्या माणसालाही नाही. पेटीचं दार उघडायचं की नाही हे पूर्णपणे एका माणसाच्या त्या दिवशीच्या शहाणपणावर होतं. आज चांगल्या सर्पोद्यानांत कुलुपं असतात, सापाला हात न लावता बंद करता येणारे आतले कप्पे असतात, आणि विषारी सापांसोबत एकट्याने काम न करण्याचा नियम असतो. हे नियम अशाच घटनांतून आले आहेत.

जोन प्रॉक्टर

आता आजच्या भागातलं माझं सगळ्यात आवडतं पात्र. जोन प्रॉक्टर. जन्म १८९७, लंडन. लहानपणापासून घरात सरडे आणि साप पाळायची. शाळेत असताना एकदा मगरीचं पिल्लू गणिताच्या तासाला घेऊन गेली होती, विचार करा. तब्येत मात्र कायम नाजूक, त्यामुळे केंब्रिजला शिकायला जाणं राहून गेलं. पण ब्रिटिश म्युझियममधले मोठे सर्पतज्ज्ञ जॉर्ज बूलेंजर यांनी तिला हाताखाली घेतलं. ती शोधनिबंध लिहायची, सुंदर चित्रं काढायची आणि मॉडेल बनवायची. १९२३ मध्ये ती लंडन प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांची क्युरेटर झाली. वय २६. या पदावरची पहिली बाई.

आणि तिने काय मागितलं? नवीन इमारत. एडवर्ड गाय डॉबर या वास्तुविशारदाबरोबर तिने ती आखली आणि १९२७ मध्ये ती उघडली. या इमारतीत तीन गोष्टी होत्या. तुमच्या टँकशी त्यांचा थेट संबंध आहे म्हणून नीट सांगतो.

पहिली, विजेची ऊब, आणि तीही वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी. अख्खी खोली एकसारखी गरम करायची नाही. पेटीचा एक भाग गरम, एक थंड. सापाने ठरवायचं कुठे बसायचं.

दुसरी, प्रकाश. साधी काच सूर्याची अतिनील किरणं अडवते. नेमक्या त्याच काळात मुलांचा मुडदूस आणि ऊन यांचा संबंध शास्त्रज्ञांना कळला होता, आणि "व्हिटा ग्लास" नावाची, ती किरणं आत येऊ देणारी काच बाजारात आली होती. प्रॉक्टरने ती सापासरड्यांसाठी वापरली. सरडे आणि कासवं यांना ही किरणं मिळाली नाहीत तर हाडं वाकडी होतात, हे आज कुठलाही पशुवैद्य सांगेल.

तिसरी मला फार आवडते. तिने प्रेक्षकांची जागा अंधारी ठेवली आणि उजेड पेट्यांत दिला. मत्स्यालयात असतो तसा. यामुळे काचेवर प्रतिबिंब पडत नाही, लोकांना स्पष्ट दिसतं. आणि सापाच्या बाजूने, बाहेर हलणारी गर्दी अंधारात जाते. टोपलीतला अंधार काचेने काढून घेतला होता, त्यातला थोडासा असा परत मिळाला.

प्रॉक्टर तिच्या कोमोडो ड्रॅगनसाठी जास्त प्रसिद्ध आहे. सुंबावा नावाचा तो भलामोठा घोरपडीचा भाऊबंद तिच्यासोबत प्रेक्षकांमधून फिरायचा. लोकांना वाटायचं ही बाई जादूगार आहे. पण मला विचाराल तर जादू त्या इमारतीत होती. नीट ऊब, नीट खाणं आणि रोजची ओळख मिळालेला प्राणी शांत असतो, इतकंच.

शेवटच्या वर्षांत ती व्हीलचेअरवरून कामावर फिरायची. १९३१ मध्ये ती गेली, वय ३४. तिची इमारत जवळपास शतकभर वापरात राहिली. २०२४ मध्ये लंडनमध्ये या प्राण्यांसाठी नवी जागा उघडली.

वाळवंटातलं उत्तर

प्रॉक्टरने जे निरीक्षणातून ओळखलं, त्याचा शास्त्रीय पाया पुढच्या काळात भक्कम झाला. तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघांनी तिथल्या सरड्यासापांच्या शरीराची तापमानं मोजली. १९४४ मध्ये त्यांचा निबंध आला.

तोपर्यंत समज काय होता? हे "थंड रक्ताचे" प्राणी. हवा थंड तर हे थंड, हवा गरम तर हे गरम, बिचाऱ्यांच्या हातात काही नाही. काउल्स आणि बोगर्टना वेगळंच दिसलं. हे प्राणी दिवसभर उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात, वाळूत, झुडपाखाली सरकत राहतात आणि आपलं तापमान एका ठरावीक पट्ट्यात ठेवतात. आपल्या शरीरात जे काम आतली यंत्रणा करते, ते काम सरडा आणि साप सरकून करतात. आणि सरडा उन्हात अडकून सावलीपर्यंत पोचू शकला नाही, तर थोड्या वेळात मरतो.

आता हे पेटीला लावून बघा. पेटीत एकच तापमान असेल, मग ते कितीही "योग्य" असो, तर तुम्ही सापाकडून त्याचं शरीर चालवण्याचं साधनच काढून घेतलं. साप जेवला की त्याला पचवायला जास्त ऊब लागते. कात टाकायच्या आधी ओलावा लागतो. आजारी असेल तर आणखी वेगळं. हे दर तासाला बदलतं आणि ते आपल्याला बाहेरून कळत नाही. कळतं फक्त सापाला.

म्हणून पहिला प्रश्न "किती फुटांची?" हा नाही. पहिला प्रश्न आहे, या पेटीत सापाला निवडायला काय काय आहे?

प्लास्टिकचे डबे

विसाव्या शतकाच्या शेवटी साप पाळणं अमेरिका आणि युरोपात मोठा छंद झाला, आणि मग धंदा. कॉर्न स्नेक अमेरिकेतलाच. बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या भागातून तो मोठ्या संख्येने बाहेर गेला. नव्वदच्या दशकात पांढऱ्यापिवळ्या, वेगवेगळ्या रंगांच्या बॉल पायथनची पैदास सुरू झाली आणि किमती आकाशाला भिडल्या.

शेकडो साप ठेवायचे तर काचपेट्या परवडत नाहीत. मग आले रॅक. कपाटाच्या खणांसारखे प्लास्टिकचे डबे, खाली कागद, एक पाण्याची वाटी, मागे गरम पट्टी. अंधार आहे, ऊब आहे, साप खातो, अंडी घालतो. पैदास करणारे म्हणतात, बघा, साप मजेत आहे. बरेच नवखे लोक घरीही तेच करतात.

त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, अंधाराचं. पण इतर गोष्टींवर संशोधन झालंय. २००६ मध्ये धामणीच्या दूरच्या नातलग असलेल्या अमेरिकी रॅट स्नेकवर एक अभ्यास आला. लपायला, चढायला जागा असलेल्या पेटीत वाढलेले साप नव्या परिस्थितीला लवकर सरावले. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या अभ्यासात कॉर्न स्नेकना साधी पेटी आणि भरलेली पेटी यांत निवड दिली, तर त्यांनी भरलेली निवडली. म्हणजे साप खातोय हा त्याच्या सुखाचा एकमेव पुरावा नाही. खाणं ही त्याची शेवटची सुटणारी सवय असू शकते.

आपल्याकडची गोष्ट

भारतात १९७० च्या सुमारास रोम्युलस व्हिटेकर यांनी मद्रासजवळ सर्पोद्यान सुरू केलं, ते पुढे १९७२ मध्ये गिंडीला आलं. त्याच १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. सापांच्या कातडीचा व्यापार बंद पडला आणि त्यावर जगणाऱ्या इरुळा आदिवासींचा रोजगार गेला. १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. काम काय? साप पकडायचा, काही आठवडे ठेवायचा, प्रतिविषासाठी विष काढायचं आणि परत सोडून द्यायचा. पोटाच्या खवल्यावर खूण करतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा पकडला जात नाही.

आणि ते साप कशात ठेवतात? मडक्यात! अर्धं वाळूने भरलेलं, तोंडाला सुती कापड बांधलेलं. माती थंड राहते, कापडातून हवा जाते, आत अंधार. मडकं तेच, पण आता त्याला मुदत आहे आणि शेवटी सुटका आहे. पेटीइतकाच पेटीमागचा हेतूही महत्त्वाचा असतो, तो असा.

आपल्या पुण्यात तर एकदा उलटंच झालं. १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत बसले. लोक बाहेरून माणसाला बघत होते. डिवचलं नाही तर साप चावत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान सुरू झालं. पुण्यातल्या कित्येक पोरांनी पहिला साप तिथेच पाहिला असेल. आता हे खैरेंचं घरी करून बघू नका, गर्लिंग आठवा.

कायदा थोडक्यात. देशी साप घरात नाही म्हणजे नाही, वाचवलेला असला तरी वनखात्याला कळवायचं. परदेशी सापांपैकी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या "सायटीस" यादीत असलेल्या जातींची, आणि बॉल पायथन त्यात येतो, नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणारा "कागदपत्रं नंतर देतो" म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

मग किती फुटांची?

आता आकडा. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनसाठी निदान चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. सापाला अंग सरळ पसरता यावं असं आता बरेच तज्ज्ञ म्हणतात, त्यामुळे याहून मोठी मिळाली तर उत्तमच.

पण त्या चार फुटांत काय हवं ते बघा, आणि प्रत्येक वस्तूमागे आजचं एक पात्र आठवा. एका टोकाला ३० ते ३२ अंश, दुसऱ्या टोकाला २५ ते २७, ही प्रॉक्टर. तापमान थर्मोस्टॅटवर चालणारं आणि दोन्ही टोकांना मोजलेलं, हे काउल्स आणि बोगर्ट. सापाने थेट अंग टेकवायचा गरम दगड नको, पोट भाजतं आणि साप उठत नाही. ओलावा साधारण ६० टक्के, हे वॉर्ड. पण पूर्ण बंद नको, जाळी हवी, नाहीतर बुरशी येते. लपायला दोन जागा, एक गरम टोकाला, एक थंड टोकाला. एकच दिली तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एक सोडावं लागतं. ही जागा अंगाला टेकेल इतकी अडचणीची हवी, हे मडकं. खरंच, छोटं मडकं फोडून, कडा घासून ठेवलं तरी चालतं. आणि कुलूप, हे गर्लिंगसाठी.

एक गोष्ट परदेशी व्हिडिओ सांगणार नाहीत. ते थंड देशांत बनतात, त्यामुळे सगळं बोलणं गरम करण्याबद्दल. आपल्याकडे नागपूरला मे महिन्यात खोलीच ४० च्या वर जाते. तिथे प्रश्न थंड टोकाचा आहे. दुपारी वीज गेली तर थंड टोक कुठून आणणार, याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर साप आणू नका. कोकणात पावसाळ्यात ओलावा वाढवायचा नसून हवा खेळती ठेवायची असते.

आणि शेवटचं. बॉल पायथन वीस-तीस वर्षं जगतो. आज तुम्ही बाविशीचे असाल तर तुमची नोकरी, शहर, लग्न, भाड्याची घरं, सगळ्यातून ती पेटी तुमच्याबरोबर फिरणार आहे. घरमालक काय म्हणेल ते आत्ताच विचारून घ्या. हे सगळं ऐकून "नको, कात्रजला जाऊन बघून येतो" असं वाटलं, तर तोही अगदी योग्य निर्णय आहे. रविवारी गर्दी असते, शक्यतो मधल्या वारी जा. पेटी रिकामी वाटली तर चिडू नका. साप लपलाय, म्हणजे कुणीतरी त्याला लपायला जागा दिली आहे.

भाग आवडला तर साप घ्यायच्या विचारात असलेल्या एखाद्या मित्राला जरूर पाठवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.